मेहुणा : एक आशयसूत्र

झेरॉक्सवाल्याने माझं हस्तलिखित वाचावं अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती. आमच्या हिनेही ते वाचलेलं नाही. पण अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या दुकानात मशीनमध्ये कागद अडकला, आणि पोऱ्या तो उपसेपर्यंत मालक माझी पानं चाळत बसला.

"सर, तुमच्या सगळ्या गोष्टींत कुणीतरी कुणाचेतरी पैसे बुडवतंय."

"सगळ्या नाही हो."

"हे बघा ना." बोटाला थुंकी लावून त्याने पान उलटलं. माझं पान! "इथे चुलता बुडवतो. इथे घरमालक डिपॉझिट देत नाही. ही म्हटलं प्रेमकथा असेल, पर्वतीच्या पायऱ्यांवर बसलीयेत दोघं. तर पोरगा तिच्याकडून चार हजार उसने घेतो आणि गायब!"

"ते प्रतीक आहे."

"प्रतीक नाही सर, सुहास लिहिलंय." त्याने नावावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "मेहुण्याने बुडवलेत ना?"

मागे एमपीएससीच्या नोट्सचे गठ्ठे घेऊन पोरं उभी होती. इतका वेळ 'काका, आवरा' चाललेलं, ते एकदम थांबलं. एकजण कळवळून म्हणाला, "सर, माझ्या रूममेटने पण मेसचे पैसे..."

आता मला सांगा, जी. ए. कुलकर्णींच्या कथांत नियती पुन्हा पुन्हा आली की ती जीवनदृष्टी. ग्रेस तर १९६७ च्या पहिल्याच संग्रहाच्या नावात संध्याकाळ घेऊन आले, पुढेही ती सुटली नाही. तिच्यावर प्रबंध होतात. माझ्याकडे मेहुणा आला, तर चौकशी! जी. ए. धारवाडहून शेवटी पुण्यात आले, १९८७ मध्ये इथेच गेले. माणसं टाळायचे, काळा चष्मा लावायचे. लोक त्याला गूढ म्हणतात. मला वाटतं, त्यांना कुणीतरी झेरॉक्सवाला भेटला असणार.

आणि बुडवलेत हो, मेहुण्यानेच. वर नवी गाडी घेतली, तिचे पेढे मला दिले. बोलायची सोय नाही, कारण तो हिचा एकुलता एक भाऊ. भाऊबीजेला ओवाळणीत पाचशेची करकरीत नोट टाकतो आणि ही मला म्हणते, "बघा, मन किती मोठं आहे त्याचं." नोट कुणाची? मग माणसाने कथा लिहायच्या नाहीत तर काय करायचं? परवा मुद्दाम निसर्गावर लिहायला बसलो. सिंहगड, धुकं, पाऊस. दुसऱ्या परिच्छेदात भजीवाला म्हणाला, "मागचे राहिलेत."

बाइंडिंगसकट एकशे ऐंशी झाले. मी दोनशेची नोट दिली.

"वीस सुट्टे नाहीत सर, पुढच्या वेळी घ्या," मालक म्हणाला, आणि गठ्ठा माझ्या हातात देताना आवाज खाली आणून, "यावर लिहू नका हां."