एलओई काढून टाका म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

बांधकामाच्या वेळापत्रकाचं प्लॅनिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या साइटवरच्या तरुण इंजिनिअरांनी तो मलाही पाठवला आणि विचारलं, "सर, आमच्या शेड्युलमधले एलओई काढून टाकू का?" काढू नका, हे माझं उत्तर आहे. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण संदेशात मुद्दे मांडलेले आहेत आणि त्यांना मुद्द्यांनीच उत्तर द्यायला हवं.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. प्रिमाव्हेरा या शेड्युल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल ऑफ एफर्ट' (एलओई) हा जो प्रकार आहे, म्हणजे ज्या कामाला स्वतःचा असा कालावधी नसतो, जे दुसऱ्या कामांच्या सुरुवात-शेवटाप्रमाणे लांबतं किंवा आखडतं, तो वापरूच नये. कारणं पाच दिली आहेत. एक, त्यामुळे क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, बिघडतो. दोन, लांब बारमुळे (बार म्हणजे तक्त्यात कामाचा कालावधी दाखवणारी पट्टी) शेड्युल गुणवत्ता-तपासणीत नापास होतं. तीन, त्याऐवजी पक्के दिवस टाकावेत आणि सगळ्या कामांना पावसाळ्यात सुट्टी धरणारं एकच 'पावसाळी' कॅलेंडर लावावं. चार, प्रगतीची टक्केवारी फुगते. पाच, मुदतवाढीच्या क्लेममध्ये असे बार टिकत नाहीत.

चौथा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत, आणि तिसरा तर कोकणातल्या कामाला थेट खड्ड्यात घालणारा आहे.

पहिला मुद्दा क्रिटिकल पाथचा. एलओई स्वतः कुठल्याही कामाला पुढे ढकलत नाही. साइट ऑफिस, देखरेख, सेफ्टी बोट, वॉचमन ही कामं चालतात ती दुसरी कामं चालू आहेत म्हणून. मग लोकांना स्क्रीनवर लाल बार का दिसतो? एलओई ज्या कामाच्या शेवटाला बांधलेला असतो त्याचा फ्लोट (प्रकल्प न लांबवता काम जितके दिवस मागे पडू शकतं ते) शून्य असेल, तर एलओईचाही शून्य दिसतो, आणि 'फ्लोट शून्य किंवा कमी ते क्रिटिकल' असा निकष लावलेला असला की तोही लाल होतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये हा प्रकार वेगळा असा मिळत नाही. तिथे पहिल्या कामाची सुरुवातीची तारीख आणि शेवटच्या कामाची संपण्याची तारीख 'पेस्ट लिंक' करून हॅमॉक, म्हणजे त्या दोन तारखांमध्ये ताणलेला बार, बनवावा लागतो. प्रकल्पाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचलेला असा बार तिथेही लाल दिसणारच. उपाय साधा आहे. प्रिमाव्हेरात लाँगेस्ट पाथचा (सर्वांत लांब साखळीचा) निकष लावा आणि क्रिटिकल कामांच्या फिल्टरमधून एलओई वगळा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये हॅमॉकवर खूण करून ठेवा आणि त्याच खुणेवर फिल्टर लावा. फाइलची प्रत काढली, ओळी हलवल्या की पेस्ट केलेल्या लिंक मात्र एकदा तपासून घ्याव्यात. त्या तुटल्याचं पटकन लक्षात येत नाही.

अमेरिकी सरकारचं लेखापरीक्षण बघणाऱ्या जीएओने डिसेंबर २०१५ मध्ये शेड्युल तपासण्याची मार्गदर्शिका काढली. एलओई क्रिटिकल पाथवर येता कामा नये आणि तो ओळखू येईल असा ठेवावा, असं तिचं म्हणणं आहे. वापरू नका असं ती कुठेही सांगत नाही. क्रिटिकल पाथ बिघडतो तो एका खऱ्या चुकीमुळे: एलओईच्या पुढे खरं काम लटकवलं तर. पाइलिंग (पायासाठी जमिनीत खोलवर खांब घालणं), मग 'देखरेख', मग पाइल कॅप (त्या खांबांवरचा काँक्रीटचा ठोकळा) अशी साखळी कुणी बांधली, तर मधला दुवा काहीच ओढत नाही आणि पाइल कॅप मोकळी सुटते. पाइलिंगची लिंक थेट पाइल कॅपला द्यायची आणि देखरेख बाजूने टांगायची. सुरुवातीला सुरुवात, शेवटाला शेवट.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. अमेरिकी संरक्षण खात्याची कंत्राटं बघणाऱ्या डीसीएमएच्या १४ मुद्द्यांच्या तपासणीत ४४ कामकाजी दिवसांपेक्षा लांब कामं मोजली जातात हे खरं, पण त्या मोजणीतून एलओई आधीच बाजूला काढलेले असतात. उलट, संदेशात सांगितल्याप्रमाणे देखरेखीला साधं टास्क करून ५४० दिवस दिलेत, तर ते या तपासणीत नक्की सापडेल.

आता तिसरा मुद्दा. इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्याकडच्या किती तरी साइटचा पैसा याच ठिकाणी बुडतो.

समजा खाडीवरचा पूल आहे. पाण्यातली कामं १५ ऑक्टोबरला सुरू होऊन १५ मेला संपवायची आहेत. क्रेन आणि रिग (पाइलसाठी भोक पाडणारं यंत्र) चढवलेली बार्ज, म्हणजे सपाट तळाची नौका, भाड्याची, महिन्याला ८ लाख. सात महिन्यांचे ५६ लाख. संदेशाच्या सल्ल्याप्रमाणे तुम्ही बार्जचा बार सात महिन्यांचा पक्का टाकलात. जानेवारीत खडक लवकर लागला, सॉकेट घ्यायला, म्हणजे पाइल खडकात रुतवायला, वेळ गेला, रिगही पंधरवडाभर बंद पडली. हिशेब केलात तर पाण्यातलं काम दोन महिने मागे. पक्क्या बारला याचा पत्ता नाही. तो अजूनही १५ मेला संपतो आणि खर्च ५६ लाखच दाखवतो.

प्रत्यक्षात काय होतं? मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळायला लागतो. गेटवे-मांडवा लाँचसेवा मे अखेरीस बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत, यांत्रिक मासेमारीला १ जूनपासून बंदी, आणि खाडीत पुराच्या पाण्याबरोबर ओंडके वाहून येतात तेव्हा रिग चालवायची कुणाची हिंमत नसते. राहिलेलं दोन महिन्यांचं काम उरकायला ऑक्टोबरचा मध्य उजाडावा लागतो आणि ते संपतं डिसेंबरच्या मध्यावर. दोन महिन्यांच्या उशिराने बार्जचा मुक्काम सात महिन्यांनी वाढला. चौदा महिने, १ कोटी १२ लाख. सावित्री नदीवर महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ ला खुला झाला, तेव्हा पावसाआधी पोचण्याचीच ती धडपड होती. कोकणात उशीर जसाच्या तसा पुढे सरकत नाही, एकदम एक अख्खा पावसाळा ओलांडून जातो.

बार्जचा एलओई पहिल्या पाइलच्या सुरुवातीला आणि शेवटच्या पाइल कॅपच्या शेवटाला बांधलेला असता, तर जानेवारीचं अपडेट चालवताक्षणी तो बार डिसेंबरपर्यंत गेलेला दिसला असता. तेव्हा हातात चार महिने होते. दुसरी रिग आणायची का, दोन पाळ्या चालवायच्या का, की मेमध्ये बार्ज परत पाठवून ऑक्टोबरमध्ये पुन्हा आणायची, हे प्रश्न जानेवारीत विचारता येतात. मे संपताना यातला एकही पर्याय स्वस्त राहत नाही. बार्ज परत पाठवायची ठरली तर एकाऐवजी दोन एलओई करायचे, प्रत्येक हंगामाला एक.

आणि एकच पावसाळी कॅलेंडर? पावसाळ्यात थांबलेली बार्ज कधी जवळून बघा. खाडीच्या आतल्या अंगाला, तिवरांच्या आडोशाला ती चारी बाजूंनी दोरखंडांनी बांधलेली असते. वर ताडपत्रीखाली दोन खलाशी राहतात. त्यांनी रोज पंप लावून तळातलं पाणी काढायचं, उधाणाच्या भरतीला दोर सैल सोडायचे, भांगाच्या भरतीला पुन्हा आवळायचे, झिजलेल्या दोराला गोणपाट गुंडाळायचं. काम बंद आहे, पण भाडं चालू, खलाशांचा पगार चालू, डिझेल चालू. या बारला मध्य मे ते मध्य ऑक्टोबर सुट्टी असलेलं कॅलेंडर लावलंत की सॉफ्टवेअरच्या लेखी ते पाच महिने अस्तित्वातच नाहीत. बार तेवढाच लांब दिसतो, पण मोजलेले दिवस आणि त्यांचा खर्च गळून जातो. म्हणून पाण्यातल्या कामांना पावसाळी कॅलेंडर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या भाड्याच्या, राखणीच्या, ऑफिसच्या बारना आठवड्याचे सातही दिवस चालणारं, विनाखंड कॅलेंडर. गणपतीची सुट्टीसुद्धा कामाच्या कॅलेंडरात घाला, वॉचमनच्या नको. त्या दिवसांत साइटवर तोच असतो.

खर्च बरोबर यायला आणखी दोन गोष्टी लागतात, आणि एलओई 'चालत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या दोन गोष्टी राहिल्यामुळे येते. भाडं 'एक्स्पेन्स' म्हणून एकरकमी टाकलं तर बार कितीही लांबला तरी रक्कम तीच राहते. ते रिसोर्स म्हणून, दिवसाच्या दराने टाकायला हवं. आणि ड्युरेशन टाइप असा निवडायचा की दिवसाचं प्रमाण स्थिर राहील. 'फिक्स्ड युनिट्स' ठेवलंत तर एकूण युनिट तेवढेच राहून लांबलेल्या दिवसांवर पसरतात, म्हणजे दोन खलाशांच्या जागी कागदावर एकच उरतो.

चौथा मुद्दा मान्य करायलाच हवा. अर्न्ड व्हॅल्यूत, म्हणजे झालेल्या कामाची किंमत मोजून प्रगती काढण्याच्या पद्धतीत, एलओईची कमाई नेहमी नियोजनाइतकीच धरली जाते, काळ गेला की काम झालं. त्यामुळे त्याचा उशीर कधीच दिसत नाही आणि खऱ्या कामाचा उशीरही तो पातळ करतो. आजपर्यंत १० कोटींचं काम नियोजित आहे, त्यात २ कोटी एलओईचे. खऱ्या ८ कोटींपैकी ६ झाले. एसपीआय (झालेलं काम भागिले नियोजित काम) एकत्र काढलात तर ०.८०, एलओई बाजूला ठेवून काढलात तर ०.७५. एलओईचा वाटा ४ कोटींचा असेल आणि खऱ्या ६ कोटींपैकी तसेच तीन चतुर्थांश, म्हणजे साडेचार झाले असतील, तर एकत्रित आकडा ०.८५ वर जातो. काम तेवढंच मागे, अहवाल मात्र सुधारलेला. संदेश लिहिणाऱ्याने हे ओळखलं, ते बरं केलं. पण उत्तर बार काढून टाकणं नव्हे. प्रगतीचे आकडे दोन ओळींत द्या, एक खऱ्या कामाची आणि एक पूरक कामांची, आणि मालकाला दाखवायची ती पहिली. पूरक कामांना पक्के दिवस देऊन त्यांची टक्केवारी हाताने भरलीत तरी फुगवटा तेवढाच राहतो, फक्त तो कुणी भरला हे कळेनासं होतं.

पाचव्या मुद्द्याबद्दल. मुदतवाढीबरोबर ज्या वाढीव खर्चाची भरपाई मागायची असते, तिच्याबद्दल इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या प्रोटोकॉलची भूमिका स्पष्ट आहे: अडथळ्याचा परिणाम ज्या काळात झाला त्या काळातला खर्च बघायचा, प्रकल्पाच्या शेपटीतल्या महिन्यांचा नव्हे. मग त्या काळात साइटवर काय काय उभं होतं, हे दाखवायचं कशाने? टप्प्याटप्प्याने बांधलेल्या एलओईंनी. पायाच्या कामाला बांधलेली बार्ज, गर्डरच्या कामाला बांधलेली क्रेन, दोन्हींना बांधलेलं साइट ऑफिस. क्लेममध्ये टिकत नाही तो 'ओव्हरहेड' नावाचा, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ताणलेला एकच जाडा बार. तो टिकू नयेच. अर्थात करारात काय लिहिलं आहे ते आधी वाचायचं. दर महिन्याच्या अपडेटची फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवा, कारण वादात जानेवारीचा बार जानेवारीतल्या फाइलमध्येच दाखवावा लागतो.

संदेशात जे यायला हवं होतं आणि आलेलं नाही, ते असं. एलओईचा खरा धोका आहे तो नको त्या कामाला एलओई करण्यात.

बार्जचंच घ्या. तिचं भाडं एलओई आहे, पण तिची उपलब्धता नाही. रिसोर्स लेव्हलिंग (एकच साधन एका वेळी दोन कामांना लागू नये म्हणून तारखा जुळवणं) करताना प्रिमाव्हेरा एलओईकडे बघत नाही. बार्ज फक्त एलओईवर टाकली असेल तर तीच बार्ज एकाच आठवड्यात पी-३ आणि पी-६ या दोन्ही पियरला (पुलाच्या खांबांना) लागते आहे, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. त्यासाठी ती पाइलच्या टास्कवर रिसोर्स म्हणून हवी, किंवा पियरांचा क्रम लिंकनेच पक्का करायला हवा. दोन्ही ठिकाणी टाकताना खर्च दोनदा धरला जाणार नाही एवढं बघा.

कॉफरडॅममधलं (पाण्यात कोरडी जागा करणाऱ्या तात्पुरत्या वेढ्यातलं) पाणी उपसणं एलओई आहे: शीटपाइलचा, म्हणजे पोलादी पत्र्यांचा, वेढा बंद झाल्यापासून पियर भरतीच्या पातळीच्या वर येईपर्यंत पंप चालणार. पण पंप बसवून पहिल्यांदा तळ कोरडा करणं हे टास्क आहे, कारण त्याशिवाय सळई बांधायला कुणी आत उतरू शकत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती 'लायझनिंग', म्हणजे परवानग्यांचा पाठपुरावा, या बारमध्ये. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) मंजुरी, तिवरं तोडायची असतील तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी (ती सार्वजनिक कामालाही लागते), जमिनीचा ताबा, हे सगळं एका लवचीक बारमध्ये कोंबलं जातं. त्या बारच्या पुढे काही लटकत नसल्यामुळे परवानगी आली नाही तरी शेड्युल पाइलिंग ऑक्टोबरलाच सुरू दाखवत राहतं. पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा पगार एलओईत घाला. परवानगीची प्रत्येक पायरी मात्र स्वतंत्र टास्क, तिच्या शेवटी माइलस्टोन (पायरी पूर्ण झाल्याची खूण), आणि त्या माइलस्टोनची लिंक थेट पहिल्या पाइलला.