भीड, स्वभाव आणि ऑनलाइन पाळत

सायबर स्टॉकिंगचा, म्हणजे ऑनलाइन पाळत ठेवून पिच्छा पुरवण्याचा, विषय निघाला की 'प्रोफाइल लॉक करा, अनोळखी लिंक उघडू नका' एवढं सांगून लोक मोकळे होतात. सल्ला चुकीचा नाही, पण पाळत ठेवणारा बहुतेकदा अनोळखी नसतोच. जुना जोडीदार, नकार मिळालेला कुणी ओळखीचा, नाहीतर ऑफिसातला सहकारी. तुमचा स्वभाव त्याला आधीच पाठ असतो आणि तो तिथूनच आत शिरतो. गुन्हा त्याचाच, यात वाद नाही. पण आपली कुठली खिडकी सताड उघडी राहते, हे प्रत्येकाच्या स्वभावावर ठरतं.

सगळ्यात जास्त अडकतो तो भिडस्त माणूस. समोरून ३९ मेसेज येतात: 'जेवलीस का?', 'रागावलीस का?', 'एकदा फक्त बोल'. ती गप्प राहते. चाळिसाव्याला वाईट वाटून लिहिते, 'प्लीज आता मेसेज नका करू हं 🙏'. तिच्या दृष्टीने हा नकार. त्याने त्यातून घेतलेला धडा वेगळाच: चाळीस मेसेज केले की उत्तर येतं. पुढच्या वेळी तो पन्नास करणार. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय घट्ट करतं, हे मानसशास्त्रातलं जुनं तत्त्व इथे तंतोतंत लागू पडतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

म्हणून नकार एकदाच, लेखी आणि कारण न देता: 'मला तुमच्याशी संपर्क नको. यापुढे मेसेज, फोन करू नका.' 'सॉरी' नको, 'सध्या' नको, हात जोडलेला इमोजी तर नकोच. त्यानंतर शिवी आली, रडगाणं आलं, 'जीव देतो' अशी धमकी आली तरी उत्तर नाही. जीव देण्याची धमकी ११२ वर कळवा, त्याला नाही. हा एक नकार पुढे कायद्यातही कामी येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर नजर ठेवणं हाही. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. पीडित पुरुष असेल तर हे कलम लागत नाही, ही मोठी उणीव आहे. त्याला धमकी, तोतयेगिरी अशा इतर कलमांकडे वळावं लागतं.

बोलक्या, माणसांत रमणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांना 'पोस्टच टाकू नका' सांगणं फुकट आहे, ते टाकणारच. वेळ बदला. कॅफेतला फोटो कॅफे सोडल्यावर, सहलीचे घरी आल्यावर. शिस्तीच्या माणसाला वाटतं आपण सुरक्षित, पण रोज पहाटे साडेपाचला तोच रस्ता धावून त्याचा नकाशा स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर टाकणारा तोच असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा नकाशावरून लपवायची सोय ॲपमध्ये आहे, ती चालू करा.

आता काळजीखोर स्वभाव. सर्वेक्षणांमधून त्याचा आणि पाळतीचा संबंध दिसला की 'चिंताळू लोकच बळी पडतात' असे मथळे झळकतात. मला ते पटत नाही. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. सहा महिने रात्री दोनला मिस्ड कॉल येत असतील तर शांत माणूसही दचकायला लागेल. घाबरलेल्या माणसाचा खरा घात होतो तो पुढे: नकोसं झालं म्हणून तो सगळे चॅट उडवतो आणि पुरावा जातो.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा. आधी स्क्रीनशॉट, त्यात नंबर किंवा प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ दिसायला हवी. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. ब्लॉक केल्यावरही सामाईक ग्रुपमधले तुमचे मेसेज त्याला दिसत राहतात. सोसायटीच्या ग्रुपवर 'आम्ही रविवारी गावाला' लिहिण्याआधी हे आठवा. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना त्याच्या नव्या खात्यांनाही अडवण्याचा पर्याय येतो, तोच निवडा.

जुना जोडीदार असेल तर आणखी तीन ठिकाणं तपासा: व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस', गूगल खात्यातली उपकरणांची यादी आणि गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग. अनोळखी लॅपटॉप दिसला की लगेच लॉग आउट करण्याचा मोह होतो. आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या. पासवर्ड बदलायचा तो ज्या फोनला त्याचा कधी हात लागलेला नाही अशा फोनवरून, नाहीतर नवा पासवर्डही त्याला कळू शकतो.

तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं ऐकवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, मागा. आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, पुरावा कुठल्या उपकरणातून घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा तोच फोन मागतात.