पियानो दबला नव्हता

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. संगीतकार शूबर्टच्या ‘ट्राउट’ क्विंटेटची, म्हणजे पाच वाद्यांच्या रचनेची, १९६९ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये जी मैफल झाली, तिच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. बारेनबॉइमसारखा कसलेला पियानोवादक तिथे ‘बोटं आखडून, दबून’ वाजवतो आणि मी नेमकं त्याचंच कौतुक करतो, हा एक. डबल बास या सगळ्यात खालच्या सुरांच्या तंतुवाद्यावर झुबिन मेहता होते आणि ते मुंबईचे, म्हणून माझा त्या वाद्याकडे ओढा, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी सांगतो. मुंबईचा अभिमान मला आहेच. मेहली मेहतांचा मुलगा झुबिन त्या मंचावर पर्लमन (व्हायोलिन), झुकरमन (व्हिओला) आणि जॅकलिन दु प्रे (चेलो) यांच्या बरोबरीने दिसतो तेव्हा मला आजही भरून येतं. पण डबल बासबद्दल लिहिलं ते त्यामुळे नाही. पियानो तसा का वाजतो याचं उत्तरच त्या वाद्यात आहे.

एरवी पियानोवादकाचा डावा हात खर्ज सांभाळतो. इथे शूबर्टने एकच व्हायोलिन ठेवून डबल बास घेतला आणि खर्जाचा भार त्याच्यावर टाकला. चेलो गायला मोकळा झाला, तसा पियानोवादकाचा डावा हातही. म्हणून या रचनेत पियानोचे दोन्ही हात कितीतरी वेळा एकच सुरावट, एका सप्तकाच्या अंतराने, वरच्या पट्टीत वाजवतात. तिथे लपायला जागाच नाही. एक बोट जरा जड पडलं तरी ऐकणाऱ्याला कळतं.

आता चौथा भाग घ्या. शूबर्टने आपल्याच १८१७च्या गाण्याची चाल इथे घेतली आहे. ती आधी चारही तंतुवाद्यं मांडतात, पियानो गप्प असतो. पुढे चालीची वेगवेगळी रूपं येतात. तिसऱ्या रूपात पियानोकडे झरझर धावणारे, अतिशय द्रुत स्वर आहेत, या भागातलं हे सगळ्यात झगमगतं काम. आणि चाल कुणाकडे? चेलो आणि डबल बासकडे! बोटं आखडून हे वाजवताच येत नाही. बोटं पूर्ण वेगात आणि आवाज मात्र चालीच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी ती कसरत आहे. त्यातून १८१९ साली, ही रचना झाली तेव्हा, व्हिएन्नाचे पियानो लाकडी चौकटीचे, हलक्या आवाजाचे होते. आजचा कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मोठ्या सभागृहातला पियानो, लोखंडी चौकटीचा, जवळजवळ नऊ फूट लांब आणि सुमारे पाचशे किलोंचा. डबल बासला तो सहज गिळून टाकेल.

एकदा एका घरगुती तालमीत मी पियानोवादकाची पानं उलटायला बसलो होतो. बाकीच्यांच्या पुढे फक्त आपापली ओळ असते, पियानोवादकापुढच्या पानावर सगळ्यांच्या ओळी छापलेल्या असतात. मला वाटलं होतं, त्यांची नजर त्यांच्या ओळीवर असेल. ती होती चेलोच्या गजावर. गज वळायला किंचित उशीर झाला की यांचं मनगटही तेवढंच थांबायचं, पेडलवरचा पाय अर्धा उचलला जायचा. ते बघताना मी एक पान उलटायचं विसरलो. ते पाठ असल्यासारखे पुढे वाजवत राहिले.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. मी लेखात पियानोची ‘साथ’ असं लिहिलं, ते चुकलं. पेटीची साथ म्हणताना मुख्य गाणारा एक असतो. इथे तसा कुणी नाही. पाचव्या रूपात चेलो पुढे येतो, तर पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच पियानो खालून वर झेप घेतो आणि तंतुवाद्यं त्याच्यामागून हळूच येतात. तो शब्द आज बदलतो आहे. तुमच्या त्या वाक्यामुळेच तो डोळ्यांत आला, त्याबद्दल मनापासून आभार.

जमलं तर तिसरं रूप पुन्हा ऐका. पहिल्यांदा कान फक्त चेलो-बासवर ठेवा, नंतर पियानोवर. तरीही तो दबलेलाच वाटला तर कुठल्या जागी वाटला ते नक्की लिहा, मी तीच जागा काढून ऐकेन.