इमॅजिकाला जाताय? मग घाट चढू नका

मे महिना आला की ठाणे-नवी मुंबईत एकच बेत शिजतो. शनिवारी इमॅजिका थीम पार्क, रात्री लोणावळा, रविवारी वॅक्स म्युझियम, चिक्की आणि परत. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हा बेत मला अजिबात पटत नाही.

इमॅजिका घाटाच्या खाली, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ठाण्याहून साधारण ७० किलोमीटर. तिथे जायला बोरघाट लागतच नाही. मग शनिवारी वर जाणाऱ्या आणि रविवारी खाली उतरणाऱ्या गर्दीत कशाला अडकायचं? भरलेली गाडी एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चढते, इंजिन तापतं आणि मागच्या सीटवर मोबाईल बघणाऱ्या पोरांना उलट्या सुरू होतात. मुक्काम पालीला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लाळेश्वर, मग जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं, आणि जेवणाआधी परतीला लागा. वाकण-पेणमार्गे येणार असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण रविवारी संध्याकाळी वडखळला अलिबागची सगळी गर्दी येऊन मिळते.

निघताना मुंब्रा बायपासचे ट्रक टाळा. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली गाठा आणि तिथून एक्स्प्रेसवे धरा. खोपोली-पालीची पाटी दिसली की लगेच डावी लेन धरा, फाटा चुकला तर एक्स्प्रेसवेवर मागे वळता येत नाही.

टायरबद्दल एक गैरसमज जीवघेणा आहे. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून कमीच ठेवा.’ हे साफ चूक! हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, सतत दुमडते आणि त्यानेच टायर तापून फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. हवा त्या आकड्याप्रमाणे, गाडी थंड असताना, घराजवळच्याच पंपावर भरा. स्टेपनीतही.

तिकीट काढण्याआधी मुलांची उंची चपला काढून मोजा. राइडमध्ये अंगावर येणारा सुरक्षेचा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो, त्यामुळे गेटवर विनवण्या करून काहीही होत नाही आणि होऊही नये. पोर फारच लहान असेल तर एवढा खर्च करूच नका, नेरुळचं वंडर्स पार्क पुरेसं आहे.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी उरकायचा मोह टाळा. तिकिटं वेगळी आणि दोन्हीकडे घाई. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि आधी नायट्रो हा रोलर कोस्टर गाठा, तिथली रांग दुपारपर्यंत वाढतच जाते. साडेअकराला जेवून घ्या. सगळे जेवायला गेले की सालिमगढ, आय फॉर इंडियासारख्या आतल्या राइड करा, तेवढंच ऊनही टळतं. जेवल्यावर तासभर गरगर फिरणारं काहीही नको. बीपी, हृदयविकार, पाठीचं दुखणं असलेल्यांना कोस्टरवर बसायचा आग्रह तर चुकूनही करू नका.

वॉटर पार्कला नायलॉनचेच कपडे न्या. सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि चेन-बटणांनी घसरगुंडीवर चरे पडतात, म्हणून ते चालत नाहीत. मग भाड्याच्या कपड्यांच्या रांगेत सकाळचा सगळ्यात चांगला तास जातो.