फौजीला पटकथेच्या बैठकीत बसवा

नटांना सैनिकी सराव देणाऱ्या त्या शिबिरात मॅट डेमनला नेलंच नव्हतं.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या युद्धपटाचं चित्रीकरण सुरू होण्याआधी टॉम हँक्स आणि बाकीचे नट पाठीवर ओझं घेऊन पावसात चालत होते, ओल्या जमिनीवर झोपत होते. इतके वैतागले की शिबिर सोडून जायची भाषा सुरू झाली. हँक्सनं समजूत काढली म्हणून थांबले. डेमनला मात्र मुद्दाम वगळलेलं. कथेत त्याच्या पात्राला शोधायला आठ जण जीव धोक्यात घालतात. त्या एकाबद्दलचा राग या सगळ्यांच्या अंगात आधीच मुरलेला असावा, एवढ्यासाठी.

हे शिबिर घेणारा माणूस डेल डाय. अमेरिकन मरीन कोअरमधून १९८४ साली कॅप्टन म्हणून निवृत्त झालेला, तीन पर्पल हार्ट मिळालेला, म्हणजे तीनदा लढाईत जखमी झालेला. त्याच्याबद्दल लिहिताना सगळे 'लष्करी सल्लागार' म्हणून मोकळे होतात. मला हा शब्द फार अपुरा वाटतो. डाय व्हिएतनाममध्ये युद्ध वार्ताहर होता. रायफल आणि वही दोन्ही बाळगणारा. १९६८ मध्ये तो तिथल्या ह्यू शहराच्या लढाईत होता आणि पुढे त्यावर त्यानं कादंबरी लिहिली. तो मुळात लिहिणारा माणूस आहे.

सल्लागाराकडून आपण काय मागतो? सलाम बरोबर आहे का, बिल्ला योग्य जागी आहे का. हेही हवंच. आजचा शिकलेला सैनिक गोळी झाडायची वेळ येईपर्यंत ट्रिगरवर बोट ठेवत नाही, ते ट्रिगरभोवतीच्या कडीला बाहेरून टेकलेलं असतं. पडद्यावरचे वीर मात्र बोट आत घालूनच फिरतात. पडद्यावरची तुकडी एकमेकांना चिकटून चालते, कारण सगळे फ्रेममध्ये मावायला हवेत. खरी तुकडी अंतर ठेवते, एका स्फोटात सगळे जाऊ नयेत म्हणून. जाणकार माणूस अशा चुका सेटवर उभ्या उभ्या दुरुस्त करतो.

पण पटकथेतली चूक सेटवर दुरुस्त होत नाही.

'प्लाटून' (१९८६) मला म्हणूनच वेगळा वाटतो. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेला, पटकथा त्याचीच. डायनं नटांना फिलिपिन्सच्या जंगलात नेलं, त्यांच्याकडून खंदक खणून घेतले, रात्री झोपू दिलं नाही, आणि तिथून ते थेट चित्रीकरणाला उभे राहिले. त्या सिनेमातले डोळे बघा. तो थकवा मेकअपचा नाही. लिहिणारा आणि शिकवणारा, दोघांनाही तो ठाऊक होता.

पुढच्याच वर्षी 'फुल मेटल जॅकेट' आला. आर. ली अर्मी हा मरीन कोअरचा जुना ड्रिल इन्स्ट्रक्टर, म्हणजे नव्या सैनिकांना घडवणारा शिक्षक, तिथे सल्लागार म्हणूनच आला होता. दिग्दर्शक कुब्रिकनं अखेर ड्रिल इन्स्ट्रक्टरची भूमिकाही त्यालाच दिली आणि त्यातले बरेचसे संवाद अर्मीचे स्वतःचे. कुठल्या खोलीत बसून ती भाषा सुचली असती?

फौजीला लिहायला बसवलं तर तो तपशिलात अडकतो, कथा मारतो, असं लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मेलेल्या सोबत्याचं सामान घरी पाठवण्याआधी कुणीतरी ते उघडून लावतं. अर्धवट लिहिलेलं पत्र, कुणाचा तरी फोटो, एकच मोजा. काय पाठवायचं आणि काय त्याच्या आईच्या हाती पडू द्यायचं नाही, हे त्या माणसाला ठरवावं लागतं. ज्यानं हे केलंय त्याच्याकडे अख्खा प्रसंग आहे, आणि आपण त्याला बूट कसे बांधायचे ते विचारतो!

एक गोष्ट मला खरंच टोचते. ही माणसं आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र पुन्हा पुन्हा उभी करून देतात, कधी कधी दिवसातून दहा टेक. हे मागताना आपण त्यांना काय देतो? निदान पहिल्या खर्ड्यापासून बोलवा. एखादा प्रसंग, एखादं वाक्य त्याच्या तोंडून आलं असेल तर श्रेयनामावलीत त्याचं नाव लेखकांमध्ये यावं आणि मानधनही लेखकाचंच मिळावं.