आई, मोरगाव आणि बसण्याची सोय

साठी ओलांडल्यावर आईने सायकलवरून मोरगावला जाण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा घरात कोणालाच फारसे आश्चर्य वाटले नाही. पुण्यात सायकलवर वाढलेल्या तिच्या पिढीला सायकल हे व्यायामाचे साधन असते ही बातमीच मुळी उशिरा कळली. त्या काळी महापालिकेच्या कराचा बिल्ला आणि रात्रीचा दिवा एवढे असले, की सायकलस्वाराची सामग्री पूर्ण होत असे. आता मात्र दिवेघाट चढून सासवड, जेजुरी करत ६५-७० किलोमीटर जायचे, तर अंगाला सोसेल अशी सामग्री आधी घ्यायला हवी, असे माझे म्हणणे होते; आणि "सामग्री कसली? नारळ तिथेच मिळतो," असे तिचे.

पहिला प्रश्न सीटचा. दुकानात आईने प्रत्येक सीट अंगठ्याने दाबून पाहिली आणि सर्वांत रुंद, जेल भरलेली, उशीइतकी फुगीर सीट पसंत केली. एवढ्यात तिथल्या मुलाने "आजींना हीच द्या, मऊ आहे," असा दुजोरा दिला आणि त्या एका संबोधनाने माझे अर्धे काम परस्पर झाले. आईने ती सीट तत्काळ खाली ठेवली. उरलेले अर्धे काम म्हणजे कारण समजावणे. सीट फार मऊ असली, की बसण्याची दोन हाडे तिच्यात रुततात, मधला भाग वर येतो आणि जिथे मुळीच दाब नको तिथे तासन्‌तास दाब पडतो. म्हणून लांबच्या प्रवासाला बेताची कडक, पण हाडांच्या मापाची सीट चांगली. हे सारे मी हातवारे टाळून सांगण्याचा प्रयत्न करत होते, तोच ती म्हणाली, "म्हणजे पंगतीतल्या पाटासारखं. पाट मऊ असून कसं चालेल?" ज्या मुद्द्यासाठी मी रात्र रात्र वाचन केले होते, तो तिने एका वाक्यात मिटवला, याचे मला थोडे वाईटच वाटले.

इंग्लंडमधील ब्रूक्स या १८६६ पासूनच्या कंपनीची चामड्याची सीटही मी सुचवून पाहिली. ती सुरुवातीला लाकडासारखी लागते आणि शेकडो किलोमीटर चालवल्यावर बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. "गणपतीला जायचं आणि कातड्यावर बसून?" एवढ्यावर तो विषय संपला. चपला घालून आपण देवळाच्या पायरीपर्यंत जातोच, हा युक्तिवाद मी गिळला.

माप घेण्याची घरगुती रीत अशी, की कडक खुर्चीवर पन्हळी पुठ्ठा ठेवायचा, त्यावर बसून किंचित पुढे वाकायचे आणि उठल्यावर पुठ्ठ्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजायचे. सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद घ्यायची. हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. आईचे अंतर १३ सेंटिमीटर निघाले. तिने ते ब्लाउजच्या मापांच्या वहीत, छाती आणि बाही यांच्या खाली, व्यवस्थित लिहून ठेवले. मग बाबांना वर्तमानपत्रासकट उठवून पुठ्ठ्यावर बसवले, त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या काकूंना. काकूंना सायकल येत नाही. पण माप असलेले बरे, असे दोघींचे मत पडले.

खरी परीक्षा पॅड शिवलेल्या चड्डीची होती. ही चड्डी सायकलवर घालताना आत दुसरे काही घालायचे नसते, हे वाक्य जन्मदात्रीसमोर दुकानात उच्चारण्याची वेळ कोणावर येऊ नये. मी आवाज खाली आणून ते उच्चारले. तिने तितक्याच वरच्या आवाजात, "आत काहीच नाही?" असे विचारले आणि पंप बघत उभे असलेले दोन गृहस्थ एकदम टायरांच्या भागाकडे गेले. शिवण कातडीला घासते, घामाने जागा सोलवटते, म्हणून मध्ये दुसरे कापड नको, हे सांगितल्यावर मात्र तिच्यातली शिवणकाम करणारी बाई जागी झाली. तिने चड्डी उलटी करून पॅडभोवतीची शिवण बोटाने तपासली, ती सपाट आहे याची खात्री केली आणि वरून सैल सलवार घालण्याच्या अटीवर मान्यता दिली. सलवारीचा पायघोळ चेनमध्ये जाऊ नये म्हणून भाजीच्या जुडीचे रबरबँड तिने आधीच साठवलेले आहेत.

हातमोज्यांना फार वेळ लागला नाही. हँडलवर तळहात दाबला जाऊन करंगळीला मुंग्या येतात, हे तिला पटले. बोटे अर्धी आणि किंमत पुरती, हे पटले नाही. हेल्मेटला अंबाडा आडवा आला. हेल्मेटसक्तीच्या विरोधात स्कूटरवाल्यांइतक्याच हिरिरीने बोलणाऱ्या आईने सायकलचे हेल्मेट मात्र, "याला भोकं तरी आहेत," म्हणून स्वीकारले आणि वेणी घालण्याचे कबूल केले.

सायकल पाहताना तिचा संयम संपला. इतकी किंमत देऊनही स्टँड, मडगार्ड, कॅरिअर आणि घंटी वेगळी घ्यायची, हे ऐकून ती गप्प बसली होती, पण शेजारच्या, त्याहून महाग सायकलीला पॅडलही वेगळी घ्यावी लागतात असे कळताच तिने विक्रेत्याला, "चाकं आहेत ना यातच?" असे शांतपणे विचारले. मी घाईने गिअरकडे वळले. पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे ठेवले, तर पाय पूर्ण फिरला तरी चाक त्याहून कमी फिरते, म्हणून चढ हलका जातो. "म्हणजे पाय जास्त मारायचे आणि रस्ता कमी कापायचा. तोट्याचाच धंदा की गं हा," ती म्हणाली. माउलींच्या पालखीबरोबर वारकरी तो घाट चालत चढतात, तेव्हा आपणही उतरून ढकलू, असा तिचा प्रस्ताव आहे. मी तो फेटाळलेला नाही, कारण मलाही तो घाट ठाऊक आहे.

खरेदी आता पूर्ण झाली आहे आणि संकष्टीची गर्दी टाळून दिवस ठरायचा आहे. दरम्यान वरच्या काकूंनी, घालून पाहण्यापुरती म्हणून, ती चड्डी एक दिवस उसनी मागितली आहे. ही उसनी देण्याची वस्तू नव्हे, हे आईला मान्य आहे. फक्त ते का, याचे कारण काकूंना मी समजावून सांगावे, अशी तिची इच्छा आहे.