छतावरचं सोलर आणि शिनजियांगची वेठ

सोसायटीच्या ग्रुपवर सोलरचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पडतो. "वीगर लोकांना वेठीला धरून काढलेलं सिलिकॉन छतावर लावून कसलं पर्यावरण वाचवताय?" वीगर म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातले मुस्लिम. टोमणा आहे, पण खोटा नाही.

पॅनलच्या मुळाशी असतं पॉलिसिलिकॉन. गारगोटी कोळशासोबत भट्टीत तापवून सिलिकॉन काढायचं, मग ते शुद्ध करत न्यायचं. याला वीज इतकी लागते की कोळशाची स्वस्त वीज जिथे, तिथे कारखाने गेले. म्हणून शिनजियांग. वीगर लोकांना कामावर धाडणाऱ्या तिथल्या सरकारी 'कामगार स्थलांतर' योजनेला नकार दिला की कट्टरतेचा शिक्का बसायची भीती; अशा ठिकाणी होकाराला काय अर्थ? अमेरिकेने जून २०२२ पासून तिथल्या मालाला उलटा नियम लावला: तो वेठीचा नाही हे आयातदारानेच सिद्ध करायचं.

आपल्याकडे घरच्या छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान हवं असेल तर डीसीआर पॅनल लागतं, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेलं. पण सेल ज्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, घडतो, तो बहुतेक वेळा चीनचाच. डीलरला याबद्दल विचारून बघा, तो वॉरंटी कार्ड पुढे करेल.

तरीही मी सोलरच्याच बाजूने आहे. मेसेज टाकणारे गृहीत धरतात की आत्ता बोर्डातून येणारी वीज कुणालाही न छळता येते. चंद्रपूरचं कोळशावरचं २,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र शहराला खेटून आहे. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळा राखबंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचं पाणी लोकांच्या शेतात शिरलं. याला आपण 'प्रदूषण' म्हणतो आणि त्यातली माणसं गाळून टाकतो. धुराविना वीज म्हणाल, तर मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण होऊ घातलं तेव्हा मुळशीचे मावळे १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले होते. त्यांच्या जमिनी बुडाल्याच.

म्हणजे मानवी हक्क एका पारड्यात आणि पर्यावरण दुसऱ्यात, ही मांडणीच मला पटत नाही. माणसं दोन्हीकडे आहेत. मात्र "सगळीकडे हेच चालतं" म्हणून हात झटकणंही पटत नाही. बंधारा फुटला तर निदान जाब मागता येतो, मोर्चा काढता येतो. वीगर कामगाराला तेही नाही. शिवाय पॅनल बनवताना झालेलं उत्सर्जन काही महिन्यांच्या विजेत भरून निघतं आणि पुढे पंचवीसेक वर्षं ते चालतं. वेठीची अशी परतफेड होत नाही.

तीन किलोवॅटवाल्या एकट्या गिऱ्हाईकाला कोण विचारतो? पण सोसायटीची ऑर्डर मोठी असते. वेफर आणि पॉलिसिलिकॉन कुठलं, हे कोटेशनमध्येच लेखी मागता येतं. आमच्या मीटिंगमध्ये मी हे मांडणार आहे, लोक वैतागतील. आणि अनुदान आपल्या करातून जातं. सेल कुठे बनला हे सरकार तपासतंच, त्याच फॉर्मवर पॉलिसिलिकॉनचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?